देवघेव: प्रोग्रामच्या पोटातली मराठी



या सदरात आपण दर महिन्याला संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात डोकावतो. या वेळचा कोपरा जरा आत आहे, थेट प्रोग्रामच्या पोटात. तिथे मला नेलं ते आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातल्या काकूंनी.

बडोद्यात ग्रंथालय हा शब्द हलक्याने घेत नाहीत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून सेंट्रल लायब्ररी उभी केली, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आमचं ग्रंथालय त्यामानाने चिमुकलं. दोन खोल्या, सहा कपाटं आणि एक टेबल. रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडं. त्या टेबलामागे कित्येक वर्षं काकू बसतात. वय ७४. पगार नाही, मानधन नाही. घरचं आवरून येतात, पंखा लावतात आणि आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "मागचं वाचून झालं का?"

पुस्तकांची नोंद ठेवायला एक प्रोग्राम आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना तो सी प्लस प्लसमध्ये लिहून दिला. मुलगा नंतर परदेशी गेला, प्रोग्राम मात्र इथेच राहिला आणि आजही चालतो. अडचण एकच, त्यातली सगळी बटणं इंग्रजीत. काकूंचं शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी अक्षरं लागतात, पण 'इश्यू' त्या 'इस्सुए' असं वाचतात आणि स्वतःच हसतात. म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. जुन्या मॉनिटरच्या खालच्या कडेला, बरोबर बटणांच्या खाली, कागदाचे तुकडे चिकटवले होते. एकावर 'दिलं', दुसऱ्यावर 'आलं', तिसऱ्यावर 'वाढवलं'. वीस वर्षं ग्रंथालय त्या तीन कागदांवर चाललं म्हणा ना.

यंदा कोणीतरी मंडळाला नवा रुंद मॉनिटर भेट दिला. जुना भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर ते कागदही गेले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी अकरा पुस्तकं 'दिलं' ऐवजी 'आलं'मध्ये नोंदवली. महिनाअखेरीस हिशेब जुळेना. समितीच्या बैठकीत एक जण म्हणाले, वाईट हेतू नव्हता त्यांचा, "काकूंना आता विश्रांती द्यायला हवी. संगणकाचं काम आहे, एखादा तरुण मुलगा बसवू."

काकू बैठकीत होत्या. काही बोलल्या नाहीत. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "अरे, मला पुस्तकं कळतात. बटणं कळत नाहीत. ती बटणं मराठीत नाही का होत?"

होतात का? ते बघायला मी आणि माझी भाची एका रविवारी बसलो. ती नववीत आहे. मराठी घरात बोलते, शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी गुजराती. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरांतलं चित्र.

पोटात काय असतं?

विंडोजचा कुठलाही प्रोग्राम, म्हणजे ज्याच्या नावाशेवटी 'डॉट ईएक्सई' असतं ती फाइल, वरून एकसंध दिसते. पण तिच्यात कप्पे असतात. एका कप्प्यात प्रत्यक्ष कामाच्या सूचना. त्या प्रोसेसरसाठी असतात, आपल्याला वाचता येत नाहीत. दुसऱ्या एका कप्प्यात मात्र डोळ्यांना दिसणारं सगळं सामान ठेवलेलं असतं: आयकॉन, चित्रं, मेनू, बटणांच्या चौकटी, पडद्यावर येणारे संदेश, आवृत्तीची माहिती. या सामानाला म्हणतात 'रिसोर्सेस'. आपण घरगुती भाषेत त्याला प्रोग्रामचा शिधा म्हणू. स्वयंपाकी वेगळा, शिधा वेगळा. शिधा बदलला तरी स्वयंपाकी तोच राहतो.

ही वेगळी मांडणी १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून आहे. तेव्हा संगणकांची मेमरी अगदी तुटपुंजी असे. सगळं सामान एकदम मेमरीत भरण्यापेक्षा लागेल तेव्हा लागेल ते काढावं, हा एक हेतू. दुसरा हेतू आपल्या कामाचा. प्रोग्राम जर्मनीत विकायचा तर मूळ सूचनांना हात न लावता नुसते शब्द बदलता यावेत. म्हणजे भाषांतराची सोय या रचनेत मुळातच करून ठेवलेली आहे. काकूंनी जे मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं.

हा कप्पा उघडून बघायला काही साधनं मिळतात. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे अँगस जॉन्सन यांचं फुकट मिळणारं 'रिसोर्स हॅकर'. नाव ऐकून काकू दचकल्या. "हॅकर? बाबा रे, बँकेचं काही नाही ना त्यात?" नाही हो काकू. नाव तेवढं भयंकर, काम शिंप्याचं आहे. उसवायचं, बदलायचं, परत शिवायचं.

त्यात प्रोग्राम उघडला की डाव्या बाजूला कप्प्यांची यादी दिसते: आयकॉन, मेनू, डायलॉग, स्ट्रिंग टेबल वगैरे. एखादा कप्पा उघडला की उजवीकडे त्यातला मजकूर साध्या अक्षरांत येतो. तो बदलायचा, 'कंपाइल'चं बटण दाबायचं आणि 'सेव्ह ॲज' करून नव्या नावाने ठेवायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. साधनाची नवी आवृत्तीच घ्या. जुन्या आवृत्तीत देवनागरी टाइप करताना घोळ होतो.

परवानगी आधी

कामाला लागण्याआधी मी त्या सभासदांच्या मुलाला निरोप पाठवला. प्रोग्राम त्याने लिहिलेला, मालकी त्याची. विकत घेतलेल्या बहुतेक प्रोग्रामांच्या करारात असे बदल करायला मनाई असते, आणि फुकट मिळालेला प्रोग्रामही कोणाचा तरी असतोच. विचारायला पैसे पडत नाहीत. त्याचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: "तो अजून चालतोय? कमाल आहे! खुशाल बदल. मूळ सोर्स कोड मात्र माझ्याकडे उरलेला नाही, जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेला." ही शेवटची ओळ पुढे आम्हाला नडली, ते सांगतोच.

'इश्यू'ला काय म्हणायचं?

मला वाटलं होतं तांत्रिक काम अवघड आणि भाषांतर सोपं. झालं उलटं.

भाचीने मोबाइलवर शोधून 'इश्यू'ला शब्द काढला, 'निर्गमित करा'. काकूंनी चष्मा वर केला. "निर्गमित म्हणजे काय गं? कोण निर्गमलं?" मग 'जारी करा'. "ते सरकार करतं." भाची हिरमुसली. म्हणाली, "आजी, मग तुम्हीच सांगा ना, याला तुम्ही काय म्हणता?"

काकू उठल्या. शेवटच्या कपाटाच्या खालच्या खणातून कापडी बांधणीची एक जाडजूड वही काढली. संगणक येण्याआधीची नोंदवही. अक्षर त्यांच्या सासऱ्यांचं, ते इथले पहिले ग्रंथपाल. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'देवघेव'. आत रकाने आखलेले होते. दाखल क्रमांक. ग्रंथनाम. सभासदाचे नाव. दिल्याची तारीख. परतीची तारीख. मुदतवाढ. दंड. अनामत. शेरा.

भाची बघत राहिली. 'ॲक्सेशन नंबर' या शब्दावर आम्ही अर्धा तास घालवला होता आणि 'दाखल क्रमांक' तिथे शाईने लिहिलेला होता. 'सर्क्युलेशन'ला आम्ही 'परिसंचरण'पर्यंत जाऊन आलो होतो आणि पुठ्ठ्यावर 'देवघेव' होतं. जे शब्द आम्ही मोबाइलमध्ये शोधत होतो ते चार हातांवरच्या खणात पडून होते. संगणक आला तेव्हा वही बंद झाली आणि वहीबरोबर शब्दही बंद झाले. कोणी मुद्दाम केलं नाही. इंग्रजी बटणं आली आणि सगळे 'इश्यू झालं का' म्हणायला लागले, मीसुद्धा.

त्या दुपारी आम्ही वही शेजारी ठेवून यादी केली. 'इश्यू' झालं 'पुस्तक दिले'. 'रिटर्न' झालं 'परत आले'. 'रिन्यू' म्हणजे 'मुदतवाढ'. 'ओव्हरड्यू'ला काकूंचा शब्द 'तारीख उलटलेली', तोच ठेवला. 'डिलीट'साठी भाचीने 'पुसून टाका' सुचवलं. काकू म्हणाल्या, "पुसू नका, पुस्तक फाटलं तरी नोंद राहते. 'रद्द' लिहा." ग्रंथालयाची एवढी मोठी शिस्त एका बटणाच्या नावात सांगून गेल्या.

बारीकसारीक पण महत्त्वाचं

आता तुम्हीही कधी हे कराल तर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

पहिली, भाषेचे आकडे. यादीत प्रत्येक वस्तूपुढे एक अंक दिसतो. १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजी. मराठीचा अंक आहे ११०२. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही शेजारी ठेवता येतात आणि विंडोज आपल्या भाषेप्रमाणे त्यातलं एक निवडतं. पण ग्रंथालयातलं विंडोज स्वतः इंग्रजीत आहे, त्यामुळे ते इंग्रजीच निवडणार. म्हणून आम्ही १०३३ च्याच कप्प्यात मराठी लिहिलं. अमेरिकेच्या पत्त्यावर मराठी कुटुंब राहायला गेलं म्हणा.

दुसरी, '&' हे चिन्ह. मेनूच्या शब्दात ते ज्या अक्षराआधी येतं ते अक्षर 'ऑल्ट'बरोबर दाबलं की तो मेनू उघडतो. भाषांतर करताना हे चिन्ह सहज उडून जातं आणि कीबोर्डची सोय गमावते. आम्ही मराठी शब्दापुढे कंसात ते चिन्ह आणि जुनं इंग्रजी अक्षर ठेवलं, म्हणजे आधीच्या कळा तशाच राहिल्या.

तिसरी, अक्षरांचा आकार. चौकटीच्या मजकुरात वर एक ओळ असते, तिच्यात फाँटचं नाव आणि मापं दिलेली असतात. जुन्या प्रोग्रामांत बहुधा 'एमएस सॅन्स सेरिफ', माप ८. या मापात इंग्रजी चालून जातं, पण आपल्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. आम्ही 'निर्मला यूआय' हा विंडोजमधलाच फाँट आणि माप ११ घातलं. गंमत अशी, की चौकटीची लांबी-रुंदी फाँटच्या मापातच मोजलेली असते. त्यामुळे फाँट वाढवला की अख्खी चौकट बटणांसकट मोठी होते. काकूंना चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं.

चौथी, टक्क्याचं चिन्ह. यात आम्ही तोंडावर आपटलो.

संदेशांमध्ये '%एस' आणि '%डी' अशा खुणा असतात. 'एस' आणि 'डी' ही अर्थात इंग्रजी अक्षरं. '%एस'च्या जागी प्रोग्राम नाव भरतो, '%डी'च्या जागी आकडा. मूळ संदेश असा होता: आधी आकडा, मग 'बुक्स पेंडिंग विथ', मग नाव. मराठी वाक्य सरळ लिहिलं तर नाव आधी येतं, 'अमक्यांकडे तीन पुस्तकं बाकी'. भाचीने तसंच लिहिलं आणि खुणांची अदलाबदल झाली. प्रोग्रामला हे कळत नाही. तो पहिली खूण आली की पहिली वस्तू भरतो. नावाच्या जागी त्याच्या हाती पडला ३, आणि त्या ३ ला मेमरीतला पत्ता समजून तो नाव शोधायला गेला. त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. प्रोग्राम धाडकन बंद.

हे घडलं सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला, समोर चार वाचक उभे असताना. मूळ फाइल शेजारी होती, ती चालू केली, दोन मिनिटांत काम सुरळीत झालं. पण काकूंच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते विसरणार नाही. त्यांना वाटलं त्यांनीच काहीतरी दाबलं. भाचीने त्यांचा हात धरून सांगितलं, "आजी, तुमचं नाही, माझं चुकलं." घरी जाऊन तिने वाक्यच फिरवलं: '%डी पुस्तके बाकी: %एस'. खुणांचा क्रम मूळचा, वाक्य मराठी.

प्रश्नचिन्हांची रांग

मेनू मराठीत आले, बटणं मराठीत आली. पण संदेश येईनात. 'पुस्तक दिले'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग.

याचं कारण जरा समजून घ्या, कारण जुन्या प्रोग्रामांत ते हमखास भेटतं. रिसोर्सच्या कप्प्यात सगळी अक्षरं युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे तिथे देवनागरी सुखाने राहते. मेनू आणि चौकटी विंडोज स्वतःच त्या कप्प्यातून उचलून पडद्यावर मांडतं, म्हणून त्या नीट दिसल्या. संदेश मात्र प्रोग्राम स्वतः मागून घेतो. आणि आमचा प्रोग्राम जुन्या पद्धतीने लिहिलेला, एका अक्षराला एक बाइट. अशा प्रोग्रामला विंडोज मजकूर देताना जुन्या 'कोड पेज'मध्ये बदलून देतं. रशियन, ग्रीक, अरबी अशा लिप्यांना विंडोजमध्ये असं जुनं कोड पेज आहे. देवनागरीला ते कधीच नव्हतं. विंडोजमध्ये आपली लिपी आली ती थेट युनिकोडनेच, विंडोज २००० पासून. त्यामुळे बदलताना प्रत्येक अक्षराच्या जागी '?' बसतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मूळ सोर्स कोड घेऊन प्रोग्राम नव्याने बांधायचा. आणि सोर्स कोड तर हरवलेला.

मी हात टेकले. भाचीने टेकले नाहीत. ती म्हणाली, "मामा, मग आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं लिहूया ना." म्हणजे मराठी शब्द, रोमन अक्षरं. पी-यू-एस-टी-ए-के, पुस्तक. एका बाइटात बसणारी अक्षरं, प्रोग्रामची तक्रार नाही.

मला ते पटेना. आपण इतके दिवस पोरांना ओरडतो, 'देवनागरीत लिहा रे'. पण काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अक्षर लागतं मला, शब्द लागत नव्हता. वाचून बघते." सावकाश, बोट ठेवून वाचलं: "पु-स्त-क दि-ले." आणि हसल्या, "हे तर मराठीच आहे की!" तर आमचा प्रोग्राम सध्या असा आहे: बटणं देवनागरीत, संदेश रोमनमध्ये, भाषा दोन्हीकडे मराठी. आपल्या घरातल्या पोरांसारखाच म्हणा.

आणि आयकॉन

एवढं झाल्यावर आयकॉन तर हवाच. मूळ आयकॉन कोरा, विंडोज देतं तसला. आयकॉनची एक फाइल दिसते एक, पण तिच्यात एकाच चित्राची अनेक मापं असतात: १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलची. डेस्कटॉपवर मोठं माप वापरलं जातं, खिडकीच्या कोपऱ्यात १६ चं. मोठं चित्र नुसतं लहान केलं की १६ मध्ये चिखल होतो. लहान माप वेगळं काढावं लागतं, चौकटीच्या कागदावर रांगोळी काढतात तसं, ठिपका-ठिपका.

या कलेतलं मोठं नाव सुझन केर. १९८० च्या दशकात त्यांनी ॲपलच्या मॅकिंटॉशचे आयकॉन काढले आणि पुढे १९९० च्या विंडोज ३.० साठीही काम केलं. त्याच विंडोजमध्ये आलेल्या सॉलिटेअरचे पत्ते त्यांचेच. एवढ्याशा चौकटीत ओळखू येईल असं काढणं ही त्यांची हातोटी.

भाचीने उघडं पुस्तक काढलं आणि त्यावर 'ग्रं'. २५६ मध्ये सुंदर दिसलं. १६ मध्ये रकार, अनुस्वार सगळं एक डाग. मग नुसता 'ग'. शिरोरेघ एक पिक्सेल, दंड दोन पिक्सेल, आणि तो ओळखू आला. नवा आयकॉन घालूनही डेस्कटॉपवर जुनाच दिसत राहिला तर घाबरू नका. विंडोज आयकॉनची एक प्रत साठवून ठेवतं. फाइलला दुसरं नाव देऊन बघा, नवा दिसेल.

कुठे हात लावू नये

हे वाचून कोणाला विंडोजचंच पोट उघडावंसं वाटेल. माझ्या कॉलेजच्या काळात तो एक छंदच होता. विंडोज एक्सपीच्या 'स्टार्ट' बटणावर आपलं नाव टाकायचं. एक्सप्लोरर डॉट ईएक्सईमध्ये ३७ व्या गठ्ठ्यातला ५७८ क्रमांकाचा संदेश बदलायचा, हे पाठ असे. (संदेश १६-१६ च्या गठ्ठ्यांत ठेवलेले असतात. ५७८ हा ३७ व्यातच का येतो, गणित करून बघा.) आज ते करू नका. व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फाइलींना पक्कं कुलूप आहे. ते तोडलंत तर संगणक सुरू न होण्यापर्यंत मजल जाते.

दुसरं, आजकालच्या बहुतेक प्रोग्रामांवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आतलं एक अक्षर बदललं तरी सही मोडते आणि विंडोज किंवा अँटिव्हायरस इशारा देतं. ते बरोबरच करतात. कारण हीच युक्ती वापरून भामटे नावाजलेल्या प्रोग्रामचा आयकॉन आपल्या घातक फाइलला लावतात. आयकॉन बघून फाइलवर विश्वास ठेवायचा नाही, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगा. बदलता किती सहज येतो ते तुम्ही आता वाचलंच. बँकेच्या, कराच्या, पासवर्डच्या प्रोग्रामला तर कधीच हात लावू नका.

नुसता आयकॉनच बदलायचा असेल तर यातलं काहीच करायला नको. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'चेंज आयकॉन'. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या शेल३२.डीएलएल आणि इमेजरेस.डीएलएल या फाइलींत ढिगाने चित्रं आहेत, आणि मोरआयकॉन्स.डीएलएलमध्ये डॉसच्या जमान्यातली. मूळ प्रोग्राम जसाच्या तसा राहतो.

भाषांतराची गोडी लागली तर त्यालाही सरळ वाट आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखे मुक्त प्रोग्राम मराठीत मिळतात. ते लोकांनी मिळून केलेलं काम आहे. मोबाइलच्या अँड्रॉइड ॲपमध्येही शब्द असेच वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, मराठीसाठी शेवटी 'एमआर' लिहिलेल्या. पोटाची रचना तीच.

सध्या

महिना झाला. हिशेब जुळला. समितीतले ते गृहस्थ स्वतः पुस्तक घ्यायला आले, काकूंनी 'पुस्तक दिले' दाबलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं." विश्रांतीचा विषय परत निघाला नाही.

भाची आता दर शनिवारी काकूंच्या शेजारी बसते. प्रोग्राम एक्सेलपेक्षा जुना वाटतो असं तिचं म्हणणं आहे आणि पुढेमागे तो नव्याने लिहायचा, सगळा देवनागरीत, असा तिचा बेत आहे. वहीतले शब्द तिने आधीच टाइप करून ठेवलेत. परवा शाळेच्या लायब्ररीत तिने "मॅडम, दाखल क्रमांक कुठे लिहू?" असं विचारलं आणि मॅडम गोंधळल्या, असं ती सांगत होती.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. दुकानाची खतावणी, दवाखान्याचं रजिस्टर, आजोबांची शेतीची नोंद. तिच्यातले रकान्यांचे मथळे तेवढे उतरवून आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ते छापू, आणि कोणाला प्रोग्रामची बटणं मराठीत करायची झाली तर शब्द हाताशी असतील.

पुढच्या महिन्यात भेटूच.